संदर्भ एकदाच नीट नोंदवा: झोटेरो आणि झेटलर घेऊन प्रबंध लिहिताना

पीएच.डी.च्या प्रबंधात दोनशे-अडीचशे संदर्भ सहज होतात. ते हाताने टाइप केले की घात ठरलेला. मजकुरात 'पाटील, २०१९' असते आणि मागच्या सूचीत पाटील २०१८ चे निघतात. नाहीतर सूचीतले एखादे पुस्तक मजकुरात कुठेच सापडत नाही. परीक्षक पुष्कळदा प्रबंध मागून चाळायला घेतात, त्यामुळे नजर पहिली तिथेच जाते. त्यात गाइडनी शेवटच्या क्षणी 'एपीए नको, एमएलए करा' (या संदर्भ छापण्याच्या दोन ठरीव शैली) असे म्हटले तर आठवडा गेलाच म्हणायचा.

उपाय जुना आहे. मजकुरात संदर्भाची फक्त खूण ठेवायची, तपशील वेगळ्या फाइलीत ठेवायचा आणि दोन्हींची सांगड संगणकाला घालू द्यायची. ओरेन पताश्निक यांचे बिबटेक १९८५ पासून हेच काम करते आहे. पूर्वी त्यासाठी लाटेक ही मजकूर-जुळणीची आज्ञावली शिकावी लागे. आता साध्या मजकूर-संपादकात, म्हणजे टेक्स्ट एडिटरमध्ये, तेच जमते आणि गाइडच्या हातात वर्डची फाइलच पडते.

लागणारे प्रोग्रॅम तीन, तिन्ही मोफत. नोंदी ठेवायला झोटेरो, लिहायला झेटलर, आणि दोन्हींची जुळवणी करायला पॅनडॉक, जे झेटलरसोबत आपोआप येते. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर चालतात. सबमिशन महिन्यावर आले असेल आणि सगळा मजकूर वर्डमध्ये तयार असेल, तर मात्र ही पद्धत आत्ता सुरू करू नका. झोटेरोचे वर्डमधले प्लगिन वापरून वेळ मारून न्या. सिनॉप्सिस मंजूर झाली आहे आणि पहिले प्रकरण लिहायला घ्यायचे आहे, अशांसाठी पुढचे सगळे.

एक खुलासा आधीच. या लेखात साइटकी, म्हणजे मजकुरातली संदर्भाची खूण, आणि तिच्यातले आकडे देवनागरीत छापले आहेत. तुमच्या फाइलीत ते रोमन लिपीतच हवेत. कारण पुढे येईल.

जोडणी: अर्ध्या तासाचे काम

झोटेरो उतरवून घ्या आणि त्याच्या संकेतस्थळावर मोफत खाते काढा. एडिट मेनूतल्या सेटिंग्जमध्ये सिंक या भागात खात्याचे नाव आणि पासवर्ड टाका. नोंदी कितीही असल्या तरी त्यांचे सिंक फुकट असते. ३०० एमबीची मर्यादा आहे ती पीडीएफसारख्या जोडलेल्या फाइलींना. स्कॅन केलेली जुनी पुस्तके जोडायला लागलात की ३०० एमबी महिनाभरातच संपतात, तेव्हा मोठे स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून नोंदीला त्यांची फक्त लिंक जोडा.

झोटेरोचे स्वतःचे डेटा फोल्डर गूगल ड्राइव्हमध्ये किंवा ड्रॉपबॉक्समध्ये हलवू नका. त्यात एकच डेटाबेस फाइल असते. झोटेरो तिच्यात लिहीत असतानाच ड्राइव्ह ती वर चढवू लागला की फाइल बिघडते आणि सगळ्या नोंदी एका दमात जातात. 'बॅकअप होईल' म्हणून नवखे लोक हमखास हेच करतात.

मग ब्राउझरमध्ये झोटेरो कनेक्टर घाला. शोधनिबंधाचे पान उघडे असताना त्याच्या चिन्हावर क्लिक केले की नोंद झोटेरोत येते.

यानंतर बेटर बिबटेक हे प्लगिन. त्याची फाइल गिटहबवर मिळते. फायरफॉक्स वापरत असाल तर नुसते क्लिक करू नका. फायरफॉक्सला ते स्वतःचेच प्लगिन वाटते आणि 'बसवता येत नाही' असा संदेश येतो. उजवे क्लिक करून फाइल सेव्ह करा, मग झोटेरोतल्या टूल्स मेनूत प्लगिन्स उघडून ती फाइल त्या खिडकीत ओढून टाका.

बेटर बिबटेक प्रत्येक नोंदीला एक साइटकी देते. मूळ सूत्रात आडनाव, शीर्षकातले तीन शब्द आणि वर्ष असते, त्यामुळे साइटकी लांबलचक होते. सेटिंग्जमध्ये सूत्र बदलून फक्त आडनाव आणि वर्ष ठेवा. एकाच वर्षात दोन पाटील आले तर शेवटी वेगळे अक्षर जोडून ते स्वतःच फरक करते.

शेवटी निर्यात. झोटेरोत प्रबंधासाठी एक कलेक्शन करा, त्यावर उजवे क्लिक, एक्स्पोर्ट कलेक्शन, प्रकार बेटर सीएसएल जेसन, आणि 'कीप अपडेटेड' या चौकोनात खूण. ही खूण राहिली तर फाइल जन्मभर त्या दिवसाचीच राहते. पुढे घातलेले पुस्तक झेटलरमध्ये दिसत नाही आणि माणूस तासभर झेटलरला दोष देत बसतो. फाइल प्रबंधाच्या फोल्डरमध्ये ठेवा. झेटलरच्या प्रेफरन्सेसमध्ये सायटेशन्स या भागात सायटेशन डेटाबेस म्हणून हीच फाइल दाखवा.

आता झेटलरमध्ये नवी फाइल उघडून @ टाइप करा. खाली नोंदींची यादी उघडली की जोडणी झाली.

नोंदी: खरी मेहनत इथे

सूचीत दिसणाऱ्या दहा चुकांपैकी आठ नोंदीतल्या असतात. शैली बदलून त्या जात नाहीत, उलट जास्त उठून दिसतात. म्हणून नोंद आली की लगेच, तिथल्या तिथे तपासा. शेवटी एकदम तपासू म्हणणाऱ्याच्या त्या तपासल्या जात नाहीत.

डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा ओळख क्रमांक, असलेल्या निबंधासाठी झोटेरोतल्या जादूच्या कांडीच्या चिन्हावर क्लिक करून डीओआय टाका. तो दहा आणि टिंबाने सुरू होतो. पुस्तकाचा आयएसबीएनही तिथेच चालतो, पण मराठी पुस्तकांच्या बाबतीत बऱ्याचदा काही सापडत नाही. सापडले तर शीर्षक रोमनमध्ये आणि प्रकाशकाचे नाव अर्धे. मराठी पुस्तक हातात घेऊन, आतल्या मुखपृष्ठावरून, स्वतःच टाइप करणे जलद पडते. शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात बसून काम करत असाल तर पुस्तक परत करण्याआधी नोंद पुरी करा, पानांसकट. पुस्तक नंतर दुसऱ्याच्या नावावर गेले की पान क्रमांकासाठी महिनाभर थांबायची वेळ येते.

संस्था लेखक असली की नवख्याची चूक ठरलेली. नदीखोऱ्यातल्या पुरावर लिहिताना २०१९ च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीचा २०२० चा अहवाल किंवा जलसंपदा विभागाची आकडेवारी लागतेच. लेखकाच्या रकान्यात 'महाराष्ट्र शासन' लिहिले की झोटेरो 'शासन' हे आडनाव आणि 'महाराष्ट्र' हे नाव धरतो, आणि सूचीत 'शासन, म.' असा विनोद छापला जातो. लेखकाच्या ओळीच्या उजव्या टोकाला एक छोटे चिन्ह असते. ते दाबले की दोन रकान्यांचा एक होतो. संस्थेचे नाव नेहमी त्या एका रकान्यात.

शासन निर्णयासाठी रिपोर्ट हा प्रकार घ्या. विभागाचे नाव एका रकान्यातल्या लेखकाच्या जागी, शासन निर्णयाचा क्रमांक रिपोर्ट नंबरच्या जागी, आणि वर छापलेला संकेतांक एक्स्ट्रा या रकान्यात. संकेतांक सूचीत येत नाही, पण मूळ कागद पुन्हा शोधायचा झाला तर तोच उपयोगी पडतो.

शोधगंगेवरचा प्रबंध थीसिस या प्रकारात घाला. युनिव्हर्सिटीच्या रकान्यात विद्यापीठ, टाइपच्या रकान्यात 'पीएच.डी. प्रबंध'. पत्ता ब्राउझरच्या वरच्या पट्टीतून उचलू नका. पानावर १०६०३ हा क्रमांक असलेला कायमचा हँडल-पत्ता दिलेला असतो, तो घ्या.

वर्तमानपत्राला न्यूजपेपर आर्टिकल. कोल्हापूर आवृत्ती आणि पुणे आवृत्ती यांत पाने वेगळी असतात, म्हणून एडिशनच्या रकान्यात 'कोल्हापूर' लिहिल्याशिवाय पान क्रमांकाला अर्थ नाही. बातमीवर नाव नसेल तर लेखकाचा रकाना रिकामा ठेवा. तिथे 'प्रतिनिधी' किंवा 'वार्ताहर' लिहाल तर सूचीत ते एक आडनाव होऊन बसते.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांचे काम जास्त किचकट. पुराभिलेखागारातला कागद मॅन्युस्क्रिप्ट किंवा लेटर या प्रकारात जातो; आर्काइव्हच्या रकान्यात संग्रहाचे नाव आणि त्याखालच्या रकान्यात दफ्तर, रुमाल आणि कागदाचा क्रमांक. शाहू महाराजांच्या २६ जुलै १९०२ च्या, नोकरीतल्या ५० टक्के जागा राखून ठेवणाऱ्या जाहीरनाम्यासारखा सरकारी कागद असेल तर डॉक्युमेंट हा प्रकार, आणि लेखकाच्या एका रकान्यात संस्थानचे नाव. दुसऱ्या कुणाच्या पुस्तकातून तो वाचला असेल तर नोंद त्या पुस्तकाची करा आणि मजकुरात तसे सांगा. मूळ कागद न पाहता मूळ कागदाची नोंद करणे ही अप्रामाणिकता आहे, आणि तोंडी परीक्षेत ती पटकन उघडी पडते.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कोल्हापूरचा चोविसावा खंड १८८६ चा. वाचतो मात्र आपण बहुतेक पुनर्मुद्रण किंवा स्कॅन. हातात जी प्रत आहे तिचे वर्ष डेटच्या रकान्यात, आणि मूळ वर्ष एक्स्ट्राच्या रकान्यात 'ओरिजिनल डेट', पुढे विसर्गासारखी दोन टिंबे आणि वर्ष. एपीएसारख्या शैली मग दोन्ही वर्षे तिरप्या रेघेने छापतात. जेम्स कॅम्पबेल या खंडाचे संपादक. त्यांचे नाव लेखक म्हणून नको, रकान्याचे नाव बदलून एडिटर करा.

जुन्या मराठी पुस्तकांवर शके असते. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पण कागद जानेवारी ते गुढीपाडव्याच्या आतला असेल तर ७९ मिळवा. डेटच्या रकान्यात इसवी सनच, आणि तोही रोमन आकड्यांत. झोटेरो देवनागरी आकड्यांना वर्ष म्हणून ओळखत नाही. ते दिसायला नीट दिसतात, पण सूचीत वर्ष नाहीसे होते किंवा 'तारीख नाही' अशा अर्थाची इंग्रजी आद्याक्षरे उमटतात.

इंग्रजी शीर्षके सगळी मोठ्या अक्षरांत आली असतील तर शीर्षकावर उजवे क्लिक करून ट्रान्सफॉर्म टेक्स्टमधून सेंटेन्स केस करा. झोटेरोत ठेवायचे ते वाक्याच्या धाटणीचेच. त्यातून शैलीला प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे करता येते. उलटे मात्र जमत नाही, कारण 'पंचगंगा' किंवा 'कोल्हापूर' हे विशेषनाम आहे हे यंत्राला कळत नाही.

श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला जुना मजकूर नोंदीत चिकटवला तर तिथे इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. तो मजकूर युनिकोड नाही. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर जोडाक्षरे डोळ्यांनी तपासा. रफार हमखास एक अक्षर पुढे-मागे सरकतो.

नावे एकसारखी लिहा. एका नोंदीत 'पाटील' आणि दुसरीत 'पाटिल' असेल तर यंत्राच्या लेखी ती दोन माणसे. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होते, डोळ्यांना फरक दिसत नाही, यंत्राला दिसतो. एकाच लेखकाची दोन पुस्तके सूचीत लांब-लांब पडली तर संशय इथे घ्या; एका नोंदीतले नाव कॉपी करून दुसरीत चिकटवले की भागते.

आद्याक्षरांचाही घोळ होतो. मराठीत 'राजाराम'चे आद्याक्षर 'रा.' असते, इंग्रजीच्या हिशेबाने आद्याक्षर काढणाऱ्या शैलीत काना-मात्रा गळून 'र.' उरण्याचा धोका आहे. मराठी लेखकांची पूर्ण नावे छापणारी शैली मिळाली तर उत्तम. नाहीतर नावाच्या रकान्यात स्वतःच आद्याक्षरे टाइप करा आणि छापून आल्यावर खात्री करा.

मजकुरात खूण घालताना

झेटलरमधली फाइल मार्कडाउन असते. ओळीच्या सुरुवातीला # आणि मोकळी जागा म्हणजे मथळा, दोन तारकांच्या मध्ये तिरपी अक्षरे. प्रबंधाला बहुतेक एवढे पुरते.

संदर्भ असा येतो:

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे [@जलसंपदा२०२०, १२].

चौकटी कंस, @, साइटकी, स्वल्पविराम, पान. पानाच्या आधी 'पृ.' लिहू नका. नुसता आकडा असला की पॅनडॉक तो पान क्रमांक समजते आणि शैलीला हवे तसे 'पृ.' किंवा आणखी काही स्वतः लावते. 'पृ.' लिहिले तर ते त्याला कळत नाही, जसेच्या तसे छापले जाते, आणि शैली बदलली तरी ते तिथेच चिकटून राहते.

दोन संदर्भ एकत्र द्यायचे तर मध्ये अर्धविराम: [@पाटील२०१९; @जाधव२०२१]. लेखकाचे नाव वाक्यात हवे असेल तर कंस काढा: '@पाटील२०१९ यांच्या मते' याचे 'पाटील (२०१९) यांच्या मते' होते.

मराठीत लिहिणाऱ्याला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट इथे आहे. आपल्या भाषेत नावाला विभक्ती लागते आणि नाव स्वतःच बदलते. पाटील, पण पाटलांनी. रानडे, पण रानड्यांच्या. कोणत्याही प्रोग्रॅमला सामान्यरूप येत नाही. 'पाटलांच्या मते' असे लिहायचे असेल तर नाव हाताने लिहा आणि खुणेआधी उणे चिन्ह द्या:

पाटलांच्या मते [-@पाटील२०१९, ४५] पुराचे पाणी ओसरायला लागणारा वेळ वाढला आहे.

उणे चिन्हाने नाव गळते आणि कंसात फक्त वर्ष व पान येते. सूचीत मात्र नोंद पूर्ण राहते.

विभक्ती साइटकीला चिकटवण्याचा मोह टाळा. '@पाटील२०१९ने' असे लिहिले की पॅनडॉक 'न' हे अक्षर साइटकीचाच भाग धरते, मात्रेपाशी थांबते, आणि असल्या नावाची नोंद त्याला सापडत नाही. मात्रेपाशी का थांबते? साइटकीत ते फक्त अक्षरे, आकडे आणि काही चिन्हे चालवून घेते. काना, मात्रा, वेलांटी यांना ते अक्षर धरत नाही. म्हणजे देवनागरी साइटकी पहिल्या काना-मात्रेपाशीच तुटते. म्हणून साइटकी रोमन. लेखकाचे नाव नोंदीत देवनागरीत असेल तर साइटकी हाताने रोमनमध्ये लिहून पक्की करा.

पक्की करणे इंग्रजी नोंदींनाही हवे. साइटकी आडनाव आणि वर्षावरून बनते. सहा महिन्यांनी वर्षातली चूक दुरुस्त केली की साइटकी बदलते आणि मजकुरातल्या सगळ्या जुन्या खुणा अनाथ होतात. तीच गत दुहेरी नोंदी एकत्र केल्यावर. झोटेरो डुप्लिकेट आयटम्समध्ये जोड्या दाखवतो आणि मर्ज केल्या की एकच साइटकी उरते. तेव्हा एकत्रीकरण लिहायला बसण्याआधी उरकून घ्या.

इतिहास किंवा मराठी विभागात तळटिपा लागतात. त्यासाठी वेगळे काही शिकायचे नाही. शिकागोसारखी तळटिपांची शैली निवडली की याच चौकटी कंसातल्या खुणा आपोआप तळटिपा होतात.

अवतरण घेतले की अवतरणचिन्हे आणि पान दोन्ही द्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. नीट श्रेय दिलेली अवतरणे आणि संदर्भसूची मोजणीतून वगळायची असतात. सामान्य ज्ञानाचे किंवा योगायोगाने जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही. चिन्हे नसलेल्या अवतरणाला ही सवलत मिळेल अशी आशा ठेवू नका.

शैली, आणि तिचे मराठीकरण

शैलीच्या फाइली झोटेरोच्या संकेतस्थळावर दहा हजारांहून जास्त आहेत. विभागाला कोणती हवी ते गाइडकडून लेखी घ्या. नुसते 'एपीए' पुरत नाही, आवृत्तीही विचारा; सध्याची सातवी. फाइल उतरवून प्रबंधाच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि झेटलरच्या सायटेशन्स भागात तिचा मार्ग दाखवा. काही दाखवले नाही तर पॅनडॉक शिकागोची लेखक-वर्ष शैली वापरते.

इंग्रजी निबंधाला एवढे पुरे. मराठी प्रबंधात मात्र 'पाटील एट अल.' असे इंग्रजी अक्षरांत उमटते. शैलीची फाइल साधा मजकूर असते, तेव्हा तिची एक प्रत काढा, नाव बदला आणि प्रत संपादकात उघडा. त्यात लोकॅल नावाचा भाग असतो, त्यात शब्द. तिथे एट-अलच्या जागी 'व इतर', अँडच्या जागी 'आणि', पानाच्या संक्षेपाला 'पृ.', संपादकाच्या संक्षेपाला 'संपा.' घाला. एपीएत एवढ्याने 'आणि' येत नाही, कारण ती शैली शब्दाऐवजी अँपरसँडचे चिन्ह वापरते. फाइलीत जिथे-जिथे अँडपुढे 'सिम्बॉल' लिहिले आहे तिथे 'टेक्स्ट' करावे लागते. एखादा कोनी कंस चुकून उडाला तर निर्यातच होत नाही. म्हणून एक बदल, एक निर्यात, मग पुढचा.

इंग्रजी निबंधात मराठी पुस्तक उद्धृत करायचे असेल तर शीर्षक रोमन लिपीत आणि त्यापुढे चौकटी कंसात इंग्रजी अनुवाद. एपीएची रीत हीच आहे, आणि दोन्ही सरळ शीर्षकाच्या रकान्यातच टाइप करायचे.

निर्यात आणि शेवटची झाडाझडती

प्रकरणे वेगवेगळ्या फाइलींत ठेवा आणि फोल्डरला झेटलरमध्ये प्रोजेक्ट करा. सगळी प्रकरणे मिळून एकच फाइल निघते आणि सूचीही एकच बनते. शेवटच्या फाइलीच्या शेवटी 'संदर्भसूची' असा मथळा लिहून खाली काही लिहू नका. सूची आपोआप तिथे येते. सूचीनंतर परिशिष्टे असतील तर ती वेगळी निर्यात करून वर्डमध्ये मागे जोडणे सोपे.

एक्स्पोर्टमधून वर्ड निवडा. फाइल उघडली की आधी प्रश्नचिन्ह शोधा. न सापडलेली साइटकी ठळक अक्षरांत, पुढे प्रश्नचिन्ह लावून छापलेली असते. एकही उरता कामा नये.

मग सूचीचा क्रम पाहा. इंग्रजी नोंदी आधी, देवनागरी सगळ्या नंतर, असे येते. विभागाला मराठी आणि इंग्रजी वेगळ्या याद्या हव्या असतील तर जिथे लिपी बदलते तिथे मथळा घातला की झाले. देवनागरीत मात्र क्षीरसागर 'क'मध्ये आणि ज्ञ-ने सुरू होणारी नावे 'ज'मध्ये सापडू शकतात. आपल्या वर्णमालेप्रमाणे क्ष, ज्ञ शेवटी हवे असतील तर तेवढ्या नोंदी हाताने खाली न्या. हे काम अगदी शेवटी, कारण पुन्हा निर्यात केली की पुन्हा करावे लागते.

अक्षराचा आकार बदलत नाही म्हणून बरेच जण वैतागतात. वर्डमध्ये देवनागरीचा फॉन्ट आणि आकार कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सच्या वेगळ्या चौकोनात ठरतो. वरच्या पट्टीतला आकडा बदलून तो हलेलच असे नाही. बिब्लिओग्राफी नावाची स्टाइल एकदा दुरुस्त करा, फॉन्ट आणि अर्ध्या इंचाचा लोंबता समास दोन्ही, म्हणजे सगळी सूची एकदम सुधारते.

गाइड दुरुस्त्या वर्डमध्ये करून देतील, त्या वर्डमध्येच स्वीकारत बसू नका. प्रत्येक दुरुस्ती झेटलरच्या फाइलीत उतरवा आणि नव्याने निर्यात करा. दोन ठिकाणी दोन मूळ प्रती झाल्या की कोणती खरी हे तुम्हालाही सांगता येणार नाही. संदर्भातली दुरुस्ती असेल तर ती झेटलरमध्येही नाही, झोटेरोत.

आठवड्यातून एकदा झोटेरो पूर्ण बंद करून त्याचे डेटा फोल्डर आणि प्रबंधाचे फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवा. झोटेरो चालू असताना केलेली नक्कल अर्धवट निघू शकते. जुलै-ऑगस्टमध्ये लॅपटॉप नदीकाठच्या खोलीत असेल तर पेनड्राइव्ह त्याच बॅगेत ठेवू नका.